गार्डमामांनी न वाजवलेली शिट्टी

अन्याय खुशबूवर झाला. कारेगावच्या हायस्कूलात सातवीला असलेली, रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाची मुलगी, शाळेच्या नेटबॉल संघाची गोल शूटर. कधी झाला तेही सांगते. यंदाच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांनी मिळून भरवलेल्या चौदा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या चौथ्या क्वार्टरच्या शेवटी. कारेगाव एका गोलनं मागं होतं. खुशबूला पेनल्टी शॉट मिळाला होता. चेंडू तिच्या हातात होता. तो शॉट तिला आजतागायत घेऊ दिलेला नाही.

यात ‘कथित’ असं काही नाही. मंडपभर माणसं बघत होती. तुमच्यातलेही बरेच जण होते.

तरीही ‘अन्याय झाला’ असं लिहिताना माझा हात अडखळतो, कारण एक माणूस म्हणतो की अजून झालेला नाही, मॅच चालू आहे. त्या माणसाबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे. आजवर मी पत्रकंच लिहिली. वस्तीतल्या पाण्यावर, कंपनीच्या बसवर, बंद पडलेल्या रस्त्याच्या दिव्यांवर. पत्रकात माणूस चांगला तरी असतो नाहीतर वाईट तरी. हे गृहस्थ पत्रकात मावत नाहीत. एकदा मी बसवून पाहिलं होतं, ते पुढं येईल.

त्यांना आम्ही गार्डमामा म्हणतो. मूळचे कासुर्डीचे. घराण्यात मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा. मामा स्वतः रेल्वेत लागले आणि दौंडला मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. “आमचा आजा शिट्टीवर मेंढरं वळवायचा, मी शिट्टीवर गाडी सोडायचो,” असं ते सांगायचे. “मेंढरं शिट्टी ऐकत्यात, डायवर ऐकतो, पोरी ऐकत्यात. पोरींचं आईबाप तेवढं ऐकत न्हाईत.”

अंपायर ते शिट्टीमुळेच झाले. दौंडच्या रेल्वे वसाहतीत मुली नेटबॉल खेळायच्या. एकदा अंपायर आलाच नाही. मामा ड्युटी उरकून, हातात डबा आणि गळ्यात शिट्टी घेऊन मैदानाच्या कडेनं घरी निघाले होते. कुणीतरी म्हणालं, यांच्याकडे शिट्टी आहे, यांनाच उभं करा. त्या दिवशी मामांना एकही नियम माहीत नव्हता, पण म्हणून शिट्टी कमी वाजली असं कुणाला आठवत नाही. पुढं त्यांनी पुण्याला जाऊन अंपायरची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, कारण परीक्षक मैदानावर चुकीच्या जागी उभा आहे हे त्यांनी परीक्षकालाच सांगितलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. परीक्षक बदलला होता.

ज्यांनी नेटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला सात मुली. प्रत्येकीच्या अंगावर अक्षरांची बिब असते, आणि अक्षरावरून कुणी मैदानाच्या कुठल्या भागात जायचं ते ठरतं. चेंडू आपटत न्यायचा नाही, हातात धरून पाय फरपटवायचा नाही; तसं झालं की अंपायर ‘फूटवर्क’ धरतो. हातात आला की तीन सेकंदांत पुढं द्यायचा. जिच्याकडे चेंडू आहे तिच्यापासून तीन फूट लांब राहायचं. गोल फक्त दोघींनी करायचा, आणि रिंगमागे फळी नसते, त्यामुळं चेंडू आपटून आत जाईल ही आशा नाही. ज्या मुलीनं चूक केली तिला शिक्षा म्हणजे समोरचीच्या शेजारी गप उभं राहायचं, चेंडू तिच्या हातून सुटेपर्यंत. याला आऊट ऑफ प्ले म्हणतात. अंपायर दोन असतात, अर्धं मैदान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं.

एवढं कळलं की गार्डमामा कळले, कारण हे सगळे नियम त्यांनी मैदानाबाहेरही लागू केले होते.

दौंडच्या स्टँडवर कुणी अंगाला अंग लावून बोलायला लागला की मामा हात सरळ पुढं करायचे आणि म्हणायचे, “अंतर.” रेशनच्या रांगेत, बँकेत, मयतीलासुद्धा. मामी एकदा मला म्हणाल्या, “आमच्या लग्नात ह्यांच्याकडं शिट्टी न्हवती म्हणून बरं. न्हाईतर अंतरपाट धरल्यावर अजून तिथंच उभी असते मी.”

तीन सेकंदांचा नियम त्याहून वाईट. चहाच्या टपरीवर पोऱ्यानं कप हातात धरून गप्पा मारल्या की मामा पुटपुटत मोजायचे. एका गावच्या सभेत एक पुढारी माईक सोडेनात. मामा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मोठ्यानं एक, दोन, तीन म्हटलं आणि शिट्टी मारली. सभा गडबडली. पुढाऱ्यांना वाटलं पोलीस आले.

“मामा, अहो हे मैदान नाही,” कुणीतरी त्यांना खाली बसवत म्हणालं.

“व्हय की. म्हणूनच असं चाललंय,” मामा म्हणाले. “हातात आलेलं धरून बसायचं न्हाई. चेंडू असू दे, माईक असू दे, न्हाईतर खुर्ची.”

आता तुम्हाला वाटेल, काय गोड म्हातारा. थांबा. मी त्यांच्या शिट्टीखाली खेळले आहे. विंग डिफेन्स होते आणि कॅप्टनही. एका सामन्यात त्यांनी माझं फूटवर्क इतक्या वेळा धरलं की मी चिडून विचारलं, “मामा, मी केलं तरी काय?”

“इंटरव्हलला कॅप्टननं यायचं.”

“मीच कॅप्टन आहे.”

“मग इंटरव्हलला ये.”

इंटरव्हलला गेले. पूर्ण इंटरव्हल ते माझा डावा पाय कसा टेकला आणि उजवा कसा फरपटला ते स्वतः उड्या मारून दाखवत होते. मला पाणीही प्यायला मिळालं नाही. शिवाय त्यांचे बूट. कॅनव्हासचे पांढरे बूट, त्यावर खडू घासलेला. सामन्याआधी ते स्कूटरच्या आरशात टोपी बघायचे, मग मिशी, मग पुन्हा टोपी. दोन्ही तालुक्यांत आपल्याशिवाय कुणाला अंपायरिंग येत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं आणि ते न विचारता सांगायचे.

आमच्या वस्तीच्या मुलींचा संघ एकदा यवतच्या अलीकडे टेम्पो बंद पडल्यामुळं उशिरा पोचला. मामांनी सामना समोरच्या संघाला देऊन टाकला होता. मी भांडले. मुली रडत होत्या. पहाटे उठून आल्या होत्या.

“टेम्पो नियमात न्हाई,” मामा म्हणाले.

त्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. ‘नियमाच्या नावाखाली वस्तीच्या मुलींवर घाव’ असा मथळा होता. विहारात बसून आम्ही त्याच्या घड्या घातल्या आणि शिरूरच्या आठवडे बाजारात वाटलं. चौथ्या की पाचव्या माणसाच्या हातात पत्रक दिलं तर ते मामाच. त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. म्हणाले, “माझ्यावर लिव्हलंय व्हय? अजून थोडी दे. कासुर्डीला वाटतो.” आणि खरोखर घेऊन गेले. ते पत्रक चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनाच वेळ पाळता येते, हे मामांना कधी समजलं नाही.

लहान मुलींच्या सामन्यांत तर त्यांच्यावरून भांडणं व्हायची. दहा वर्षांच्या मुली, चेंडू त्यांच्या डोक्याएवढा. बाकीचे अंपायर सोडून द्यायचे. मामा एकही फूटवर्क सोडायचे नाहीत. “ल्हान हायेत म्हणून चुकीचं शिकवायचं व्हय?” असं म्हणायचे. एकदा रांजणगावच्या बाजूच्या एका शाळेतली मुलगी रडायला लागली. तिचा बाप पहिल्या शिफ्टवरून तसाच आलेला, अंगात कंपनीचा ड्रेस. दोरी ओलांडून थेट मैदानात घुसला.

“ओ अंपायर, पोरगी केवढीय बघा की जरा.”

मामांनी शिट्टी मारली. वेळ थांबवली. बोट त्याच्याकडे केलं. “बाप आऊट ऑफ प्ले.”

“काय?”

“पोरीच्या शेजारी उभा ऱ्हा. हालायचं न्हाई, बोलायचं न्हाई. तिच्या हातनं चेंडू सुटला की जा.”

आणि सांगते, तो राहिला उभा. एवढा दांडगा माणूस, हात बाजूला सोडून, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसा. मुलीनं वर त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं. मग तिनं असा पास दिला की दुसऱ्या टोकाच्या मुलीनं धावत येऊन झेलला. बाप गुपचूप दोरीबाहेर गेला आणि बाकीच्या बापांना म्हणाला, “आत जाऊ नका रे. तो म्हातारा न्हाई ऐकत.”

सत्काराचं मात्र त्यांच्यासमोर नावही काढायची सोय नव्हती. आपल्याकडे स्पर्धा म्हणजे सत्कार, आणि मधल्या वेळेत खेळ. एका वर्षी आयोजकांनी मामांना न विचारता त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. सकाळी मैदानावर टँकर मारला होता, चेंडू चिखलानं निसरडा झाला होता. मामांनी त्या शालीनं चेंडू स्वच्छ पुसला, ज्यांनी शाल दिली त्यांच्यासमोरच, आणि म्हणाले, “लय उपेग झाला.” ते मनापासून म्हणत होते. ज्यांनी दिली त्यांनी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

तर असा हा माणूस संक्रांतीनंतरच्या त्या शनिवारी अंतिम सामन्याला अंपायर होता.

मैदान शिरूरच्या एका शिक्षणसंस्थेचं. समोरचा संघ त्याच संस्थेच्या शाळेचा. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना इथून पुढं साहेब म्हणू, कारण तिथं त्यांना दुसरं काही म्हणायची पद्धत नाही, ते सकाळी उद्घाटनाला येणार होते. आले चौथ्या क्वार्टरला. दुसरा अंपायर संस्थेतलाच खेळाचा शिक्षक होता, तरुण, तासिका तत्त्वावर. वेळ लावायला टेबलाशी संस्थेचे हेडक्लार्क.

खुशबूनं सर्कलमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू घेतला. संस्थेच्या गोल कीपरनं उडी मारली, तिचा हात खुशबूच्या मनगटावर बसला. मामांची शिट्टी. काँटॅक्ट, पेनल्टी. कीपर नियमाप्रमाणं खुशबूच्या शेजारी येऊन उभी राहिली. चांगली मुलगी आहे ती, तिचा यात काही दोष नाही. खुशबूनं चेंडू वर धरला, आणि त्याच क्षणी गाड्या आत शिरल्या. पार साइडलाइनपर्यंत. कर्ण्यावरून आवाज आला, आदरणीय साहेबांचं आगमन होत आहे, सर्वांनी उभं राहून स्वागत करावं.

मामांनी शिट्टी मारली आणि दोन्ही हातांनी टेबलाकडं ‘टी’ची खूण केली. वेळ थांबवा.

टेबलाशी कुणी बघतच नव्हतं. हेडक्लार्क उभे राहिले होते. साहेब आले की आपल्याकडे माणूस उभा राहतो, आणि उभा राहिला की हातातलं खाली ठेवून हात जोडतो. त्यांनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. त्यावर कुणीतरी पुष्पगुच्छ ठेवला. पुष्पगुच्छाखाली घड्याळ चालू राहिलं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर सोपं होतं, एका पत्रकात काम झालं असतं. हे न ठरवता झालं. आपल्या अंगातच ते इतकं मुरलंय.

मग भाषण झालं. विषय होता, मुलींनी आता थांबू नये. मुलींनी पुढं यावं, मैदान गाजवावं, आम्ही पाठीशी आहोत. मैदानावर चौदा मुली उन्हात थांबल्या होत्या. मामांनी सांगितलं होतं, “हालू नका.” खुशबूच्या हातात चेंडू, शेजारी कीपर. मी सर्कलजवळच्या दोरीशी होते, दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

“हात दुखत नाही का गं तुझा?”

“दुखता है. लेकिन नीचे किया तो मामा चिल्लाएंगे.”

“थोडा खाली कर. मी झाकते.”

“तू मत हिल. तू आऊट ऑफ प्ले है.”

दोघी हसल्या. भाषणात टाळ्या झाल्या. त्या तुम्ही वाजवल्या होत्या.

भाषण संपल्यावर हेडक्लार्क टेबलाकडं परतले, पुष्पगुच्छ उचलला, घड्याळ बघितलं आणि माईकवाल्याच्या कानात सांगितलं. कर्णा म्हणाला, सामन्याची वेळ संपलेली असून आपल्या संस्थेचा संघ एका गोलनं विजयी झाला आहे.

मामा आपल्या रेषेवरूनच बोलले. “कुणी संपवली?”

“मामा, घड्याळात संपली,” हेडक्लार्क म्हणाले.

“मी वेळ थांबवली हुती.”

“आम्ही उभे होतो ना साहेबांसाठी. दिसलं नाही.”

“मग बसा आता आन् बघा. पेनल्टी दिलेली हाय. ती झाल्याबिगर शिट्टी न्हाई, आन् शिट्टीबिगर मॅच संपत न्हाई.”

तेवढ्यात साहेब स्वतः, फोटोवाल्याला घेऊन, मुलींबरोबर फोटो काढायला मैदानात आले. थेट सर्कलमध्ये. मामांनी हात पुढं केला.

“साहेब, इथं चौघींनाच यायची परवानगी हाय. तुमच्या अंगावर कुठलं अक्षर हाय?”

साहेबांनी खरंच आपल्या छातीकडं बघितलं. तिथं एक मोठं बिल्ल्याचं फूल होतं. त्यावर ‘प्रमुख पाहुणे’ लिहिलेलं होतं. मामांनी ते वाचलं आणि मान हलवली. “ही पोझिशन नेटबॉलला न्हाई.”

साहेब हसले. राजकारणातली माणसं रागावतात तेव्हा आधी हसतात. बाजूचा कार्यकर्ता खेळाच्या शिक्षकाला म्हणाला, “सर, तुम्ही वाजवा शिट्टी. तुम्ही पण अंपायरच आहात ना?”

सरांच्या हातात सत्काराचं ताट होतं. नारळ, शाल. शिट्टी खिशात गेली होती. ती काढायला त्यांना ताट कुणाच्या तरी हातात द्यावं लागलं. शिट्टी तोंडाला लावली. मामा मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वाजवा की सर. पण तुमच्या अर्ध्यात काय झालंय ते आधी सांगा.”

सरांनी आपल्या अर्ध्या मैदानाकडं बघितलं. तिथं एक कुत्रं झोपलं होतं.

“माझ्या अर्ध्यात काही नाही, साहेब,” सर म्हणाले आणि शिट्टी पुन्हा खिशात ठेवली. पुढच्या सत्रात त्यांना तासिका मिळतील की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवशी संस्थेच्या बाजूनं एवढंच एक खरं वाक्य बोललं गेलं, आणि ते बोलायला त्यांना किती जड गेलं ते मी पाहिलं.

मग काय, बक्षीस समारंभ मंडपात उरकला. चषक दिला, फोटो झाले. मामा रेषेवर तसेच, शिट्टी तोंडात. खुशबू तशीच. शेवटी हेडक्लार्क आले आणि म्हणाले, चेंडू संस्थेचा आहे. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला. मामांनी खिशातून चुना काढला, कडेच्या रेषेसाठीचा, आणि खुशबूच्या पावलांभोवती खूण केली. मग कीपरच्या पावलांभोवती. “ध्यानात ठेवा दोघींनी,” ते म्हणाले. “मॅच चालू हाय.”

दोन दिवसांत त्यांना अंपायरांच्या पॅनेलवरून काढल्याचा निरोप फोनवर आला. वयाचं कारण दिलं. मामांनी निरोप देणाऱ्याला विचारलं, “मॅच चालू असताना अंपायर बदलायचा असंल तर तो आजारी पाहिजे. मी आजारी हाय का?”

आता खरी गंमत ऐका. मी मोहीम काढली. पत्रक तयार केलं आणि साक्षीदार म्हणून मामांकडं कासुर्डीला गेले. ओट्यावर बसले होते, गळ्यात शिट्टी. मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

“मामा, तुमचं निवेदन हवंय. सही नको, नुसतं बोला.”

मामा मामींना म्हणाले, “तिला सांग, मॅच चालू हाय. अंपायरला एका बाजूच्या माणसाशी बोलता येत न्हाई.”

“मी बाजूची कुठं? मी न्यायाच्या बाजूची आहे.”

“तिला सांग, ती बी बाजूच हाय.”

मामी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. एकच कप. मी मामांकडं बघितलं. हा माणूस चहाशिवाय तास काढू शकत नव्हता, दौंडच्या फलाटावर त्यांच्या चहाच्या कथा आहेत.

“सोडलाय त्यांनी,” मामी म्हणाल्या. “मॅच चालू असताना अंपायर चहा घेत न्हाई म्हणं. संक्रांतीपासनं ह्यो ताप हाय मला. डोकं दुखतं, चिडचिड करत्यात, म्हशीवर ओरडत्यात. त्या पोरीला काय तो गोल टाकू द्या बाई एकदाचा, न्हाईतर मीच शिट्टी मारते.”

मी पत्रक मामींच्या हातात दिलं. मामांनी ते लांबूनच, मान वाकडी करून वाचलं. माझ्या पत्रकात तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. कधी दोन.

“तिला सांग,” मामा म्हणाले, “ह्यात शिट्ट्या लय झाल्यात. प्रत्येक वाक्याला शिट्टी मारली तर फाऊल कुठला ते कसं कळायचं?”

मी संतापून उठले. दारात आल्यावर मागं आवाज आला. मामींनाच, पण मोठ्यानं. “आन् तिनं ‘जिंकलेला सामना चोरला’ असं लिव्हलंय. जिंकलेला न्हवता. गोल झाला असता तर बरुबर झाली असती. मग जादा वेळ. पोरीचा शॉट चोरलाय. तेवढंच लिहायचं.”

घरी येऊन पत्रक फाडलं आणि हे लिहायला घेतलं. मला अजूनही ते पटत नाहीत. अन्याय मोजूनमापून सांगायची ज्यांना सवय असते त्यांची घरं सहसा पक्की असतात, असं माझं मत आहे. पण त्यांच्यासमोर खोटं लिहिता येत नाही, हीसुद्धा अडचण आहेच.

खुशबूकडं कारेगावला गेले. एका खोलीत चौघं राहतात. बाहेर विजेच्या खांबाला तिनं सायकलचं जुनं चाक बांधलंय, आरे काढून, रिंगच्या उंचीवर. रोज संध्याकाळी तिथं शॉट टाकते. बापाचं कंत्राट संपतंय, वार्षिक परीक्षा झाली की कुटुंब दुसऱ्या राज्यात दुसऱ्या कंपनीकडं जाणार.

“दीदी, वो शॉट अभी भी अपना है ना?” तिनं विचारलं.

“आहे.”

“फिर मामा को बोलो ना जल्दी. हम लोग चले जाएंगे.”

“मामा माझ्याशी बोलत नाहीत.”

“मेरे से भी नहीं बोलते. रास्ते में मिले थे, मुँह घुमा लिया.” हे सांगताना तिच्या तोंडावर केवढा अभिमान. तिच्या लेखी मामांनी तोंड फिरवलं याचा अर्थ सामना चालू आहे.

आणि परवा शिरूरच्या स्टँडवर संस्थेच्या संघाची ती कीपर मला शोधत आली. चषक त्यांच्या शाळेच्या कपाटात आहे. म्हणाली, “ताई, मी अजून आऊट ऑफ प्लेच आहे ना? सर म्हणतात विसर आता. पण तिच्या हातनं चेंडू सुटल्याशिवाय मला हलता येत नाही. मी येते, कधी पण सांगा.”

दोन्ही बाजूच्या मुलींना काय हवंय ते कळलं. अंपायरला काय हवंय ते तुम्हाला माहीतच आहे. आता राहता राहिलात तुम्ही, जे त्या दिवशी उभे राहिलात.

खुशबूची परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, ऊन चढायच्या आत, त्या मैदानाच्या फाटकाशी या. फाटक उघडा असं संस्थेला तुम्ही सांगा. तुमची मुलं तिथं शिकतात, तुमचं ऐकावं लागेल. हार आणू नका. घोषणा मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. दोरीच्या बाहेर उभे राहा. तुमच्यातल्या एकानं घड्याळ हातात धरा, आणि मैदानात कुणीही आलं, अगदी कुणीही, तरी ते खाली ठेवू नका.

खुशबू शॉट घेईल. आत जाईल किंवा हुकेल, ते तिचं ती बघेल. मग मामा शिट्टी वाजवतील.

येताना थर्मासमध्ये चहा आणा. साखर जास्त. पहिला कप त्यांचा.